जुन्या जीपगाडीचा ढिला गिअर-दांडा

मृग तोंडावर आला म्हणजे जव्हार-मोखाड्याकडील शेतकरी ज्या कामांस लागतो त्यांत राब भाजणें, फाळ पाजळणें, घर शाकारणें व नाचणी-वरईचें बियाणें निवडून ठेवणें हीं कामें वडिलोपार्जित आहेत. गेल्या एका पिढींत त्यांत आणखी एका कामाची भर पडली आहे. तें म्हणजे दारांतील जुनी जीपगाडी चिखलास व घाटास लायक करून ठेवणें. नांगराबद्दल, बैलांबद्दल व बियाण्याबद्दल या मासिकांत पुष्कळ लिहिलें जातें व तें योग्यच आहे. परंतु ज्या गाडींतून मोगऱ्याच्या कळ्या पहांटे स्टेशनावर जातात, खताचीं पोतीं पाड्यावर येतात आणि आजारी मनुष्य दवाखान्यांत पोंचतो, तिच्या दुरुस्तीविषयीं चार शब्द कोणी लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून त्या गाडीच्या एकाच अवयवाविषयीं, म्हणजे ढिल्या झालेल्या गिअरच्या दांड्याविषयीं, आम्हांस जें पाहून व करून कळलें आहे तें येथें देण्याचें योजिलें आहे.

वावर या शब्दाचा देशावरील अर्थ शेत असा आहे. आमच्याकडे मात्र वावर हें जव्हार तालुक्यांतील एका गांवाचें नांव आहे, आणि 1992 सालीं वावर-वांगणी भागांत कुपोषणानें जे बालमृत्यु झाले त्यांमुळें तें नांव साऱ्या महाराष्ट्रांत दुःखानें माहीत झालें. त्यानंतर जव्हारास अपर जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आली, रस्ते झाले, पाड्यांवर अंगणवाड्या निघाल्या. तरीपण डोंगर तेच आहेत व पाऊसही तोच आहे. मुख्य रस्ता सोडून पाड्याकडे वळलें कीं चढ-उतार, फरशीवरून वाहणारें पाणी व तांबड्या मातीचा राड यांतूनच वाट काढावी लागते. अशा वाटेवर चारही चाकांस जोर मिळणारी जुनी जीप अजून टिकून आहे याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. नवी भारी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांचीच असते. जुनी गाडी तिघां-चौघां भाऊबंदांत मिळून घेतां येते व तिचें काम गांवच्या मिस्त्रीस समजतें.

ही गाडी मूळची लष्करी. 1941 ते 1945 या युद्धाच्या वर्षांत अमेरिकेंत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर फिलिपाईन्स बेटांत मागें राहिलेल्या गाड्या लांबवून लोकांनीं त्यांच्या प्रवासी गाड्या केल्या व त्यांस जीपनी हें नांव दिलें; आमच्याकडील वडापच्या जीपची ती सख्खी बहीणच म्हणावी. आपल्या देशांत 1945 सालीं स्थापन झालेल्या व 1948 सालीं महिंद्रा अँड महिंद्रा हें नांव घेतलेल्या कंपनीनें मुंबईस विलीज गाड्यांची जुळणी सुरू केली व पुढें त्याच घडणीच्या गाड्या येथेंच तयार होऊं लागल्या. त्याच 1948 सालीं मुकणे घराण्याचें जव्हार संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. ज्या वाटेनें पूर्वीं संस्थानी घोडीं जात त्या वाटेनें पुढें सरकारी जीप जाऊं लागल्या, आणि महसूल खात्यांत आमची उमेदवारीचीं वर्षें अशाच एका जीपच्या मागच्या बांकावर, मांडीवर दप्तर घेऊन, गेलीं. पुढें 2010 सालीं थार नांवाची गाडी निघाली, तीही याच कुळांतली. पण आमचें आजचें बोलणें तिच्या आधींच्या गाड्यांपुरतेंच आहे.

प्रथम हा दांडा काम कसा करतो तें पाहूं. दगड उलथण्याच्या पहारीस जसा टेकू लागतो तसा या दांड्यासही लागतो. दांड्याच्या खालच्या भागीं एक पोलादी गोळा असतो. गिअरपेटीच्या झांकणावर जो नळकांड्यासारखा उंचवटा असतो त्याच्या बैठकींत हा गोळा बसतो. एक जाड स्प्रिंग त्यास बैठकीशीं दाबून धरते व गोळ्याच्या खांचेंत बसणारी एक लहानशी पीन दांड्यास आपल्याभोंवतीं फिरूं देत नाहीं. स्प्रिंग कोणत्या गाडींत गोळ्याच्या वर असते, कोणत्या गाडींत खालीं, एवढाच फरक. गोळ्याखालीं दांड्याचें जें टोंक उरतें त्यास मिस्त्री बोट म्हणतात, व तें नांव अगदीं समर्पक आहे. पेटीच्या आंत दोन किंवा तीन सळया शेजारीं शेजारीं असतात. प्रत्येकीस एक खांच असते. बोट ज्या खांचेंत शिरेल ती सळई पुढें-मागें सरते, तिच्यावरील फोर्क म्हणजे दुबेळकें गिअरला ढकलतें व गाडी त्या गिअरांत पडते. जुन्या तीन गिअरांच्या पेटींत डावीकडे पुढें उलटा गिअर, डावीकडे मागें पहिला, उजवीकडे पुढें दुसरा व उजवीकडे मागें तिसरा अशी मांडणी असते. पुढील गाड्यांत चार व पांच गिअर आले तरी तत्त्व हेंच.

आतां या मांडणींतील एक गंमत ध्यानांत घ्यावी. गोळ्याच्या वरचा भाग लांब व खालचा आंखूड असतो. वरचा भाग खालच्याच्या आठपट धरला, तर खालीं दोन मिलिमीटर झीज झाली असतां मुठीपाशीं ती सोळा मिलिमीटर होऊन दिसते. म्हणून दांडा हातांत लोळूं लागला म्हणजे सारी पेटीच गेली असें मालकास वाटतें व त्याच्या पोटांत गोळा उठतो. पुष्कळ वेळां बिघाड नखाएवढा असतो. उलटपक्षीं, दांडा डुलतो पण गाडी तर चालते ना, असें म्हणून दोन-दोन वर्षें तशीच गाडी हांकणारेही आम्हीं पाहिले आहेत. या दुसऱ्या प्रकारच्या लोकांस सपाट मुलखांत कदाचित् क्षमा असेल, घाटांत नाहीं.

त्याचें कारण असें. उतारावर भरलेली गाडी केवळ ब्रेकवर धरीत नाहींत. खालचा गिअर घालून इंजिनाच्या ओढीनें तिचा वेग आवरतात व ब्रेक अडीअडचणीस राखून ठेवितात. या जुन्या गाड्यांचे ब्रेक डब्याचे आहेत. फरशीवरील पाण्यांतून गाडी काढली कीं डब्यांत पाणी शिरतें व कांहीं वेळ ब्रेक पकडीत नाहींत. अशा वेळीं तिसऱ्यांतून दुसऱ्या गिअरांत जातांना दांड्याचें झिजलेलें बोट दोन खांचांच्या मध्येंच अडकलें, तर चाकांचा इंजिनाशीं संबंध तुटतो आणि गाडी मोकळी धांवूं लागते. हातब्रेक असतो, हें खरें. परंतु या घडणीच्या पुष्कळ गाड्यांत तो चाकांवर नसून मागच्या लांब दांड्याच्या तोंडाशीं, चार चाकांस जोर वांटणाऱ्या दुसऱ्या पेटीच्या पाठीमागें असतो. त्या पेटीचें ऑइल-सील गळत असेल तर तेल नेमकें हातब्रेकच्या डब्यावर उडतें. म्हणजे तेल गळणें, ब्रेक भिजणें व दांडा ढिला असणें हे तीन निरनिराळे व किरकोळ दोष एकाच उतारावर एकत्र येतात.

असें एकत्र आलेलें आम्हीं एका आषाढांत पाहिलें. आमच्या शेजारच्या पाड्यावरील चार खातेदारांनीं मिळून ठेविलेली जीप होती. मोगऱ्याच्या हंगामांत ती फुलें नेई, एरव्हीं वडाप करी. तिचा दांडा दोन वर्षांपासून लोळत होता. शहरांतील एका मिस्त्रीनें सारी गिअरपेटीच बदलावी लागेल असें सांगितलें होतें. ती रक्कम ऐकून मालकांनीं तें काम पुढील दिवाळीवर व मग त्याच्याही पुढील दिवाळीवर टाकलें होतें. त्या दिवशीं एका बाळंतीण होऊं घातलेल्या बाईस जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयांत न्यावयाचें होतें. बाईची सासू व एक सुईण मागें होती व आम्ही पुढच्या बाजूस होतों. फरशी ओलांडून पलीकडील चढ चढलों. उतार लागतांच चालकानें दुसरा गिअर घालण्यास दांडा पुढें लोटला, तों दांडा हातांत फिरला व गिअर पडेना. त्यानें तीनदां प्रयत्न केला. ब्रेक दाबला तर पाय खालपर्यंत जाई पण गाडीचा जोर कमी होईना. हातब्रेक ओढला, तोही तेलानें गुळगुळीत.

चालक पोर वीस-बावीस वर्षांचा होता, पण डोकें ठिकाणावर होतें. "दादा, घट्ट धरा, डोंगराकडे घालतों," एवढें बोलून त्यानें गाडी दरीच्या बाजूनें काढून डोंगराकडील चरांत उतरविली. डावें चाक चरांत घासत गेलें, मडगार्ड दरडीला रेललें व गाडी थांबली. कोणास फारशी इजा झाली नाहीं. सुईण खालीं उतरली, तिनें प्रथम बाईस पाहिलें, मग चालकास पाहिलें, व "पोरा, तुझी गाडी राहूं दे, आधीं झोळी कर," असें म्हणाली. पाड्यावरील माणसें येईपर्यंत अर्धा तास गेला. झोळी करून बाईस मुख्य रस्त्यापर्यंत नेलें, तेथें दुसरी गाडी मिळाली व रुग्णालयांत पोंचल्यावर तासाभरांत तिला मुलगी झाली. आतां ती मुलगी शाळेंत जाते.

दुसऱ्या दिवशीं चरांतून काढलेल्या त्या गाडीचा आम्हीं व मोखाड्याकडील एका वृद्ध फिटरानें मिळून जो पंचनामा केला, त्यावरून पुढील रीत लिहीत आहों. नोकरींत असतांना पंचनामा करतांना आमचा एक शिरस्ता होता: आधीं स्थळ पाहावें, मग हद्दी पाहाव्या, व साक्षीदाराचें म्हणणें सर्वांत शेवटीं ऐकावें. गाडीसही तोच शिरस्ता लागू पडतो. मालक, चालक व मिस्त्री या तिघांचें म्हणणें तूर्त बाजूस ठेवावें.

गाडी सपाट जागीं उभी करावी, इंजिन बंद करावें व चाकांस पुढून-मागून लाकडी पाचर किंवा दगड लावावे. दांडा न्यूट्रलमध्यें असतांना तो डावी-उजवीकडे हालणारच. तो दोष नव्हे. खरी परीक्षा गाडी गिअरांत टाकल्यावर आहे. गिअरांत टाकून एका हातानें मूठ हालवावी व दुसऱ्या हाताचीं बोटें दांडा जेथून झांकणांत शिरतो तेथें टेकावीं. मूठच आट्यांवर फिरत असेल तर ती काढून आट्यांवर सुताचा धागा गुंडाळून पुन्हा आवळली कीं काम झालें. अशा क्षुल्लक कारणासाठींही लोकांनीं पैसे मोजल्याचें आम्हांस ठाऊक आहे. बुंध्यापाशीं दांडा वर-खालीं उचलला जात असेल तर स्प्रिंग दमली किंवा तुटली आहे. दांडा स्वतःभोंवतीं गोल फिरत असेल तर पीन झिजली किंवा पडली आहे. बुंधा जागच्या जागीं घट्ट असून मूठ मात्र पुढें-मागें बरीच जात असेल, तर झीज गोळ्याच्या खालीं, म्हणजे बोटांत किंवा सळईच्या खांचेंत आहे. आणि गाडी उभी असतां सारें ठीक, पण इंजिन चालू करतांच दांडा थरथरत असेल, तर दांड्यास हात लावूं नये. इंजिनाखालचीं व पेटीखालचीं रबरें पाहावीं. तीं कुजलीं म्हणजे सारी पेटीच नाचते व दांडा तिच्याबरोबर नाचतो.

गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्यें येणें हा आणखी निराळा आजार आहे. प्रत्येक सळईवर एक लहान पोलादी गोळी स्प्रिंगच्या जोरानें खड्ड्यांत बसलेली असते. तीच सळईस जागेवर धरते. ती स्प्रिंग मेली कीं गिअर सुटतो, व ती बदलणें स्वस्त आहे. पण ती बदलूनही गिअर सुटत असेल तर आंतील दांते किंवा बेअरिंगें गेलीं असें समजावें. याची पारख करण्याची एक सोपी युक्ति त्या वृद्ध फिटरानें दाखविली. गाडी थोडी चालवून तेल ऊन झालें असतां खालचा बूच काढून तेल पांढऱ्या थाळींत घ्यावें व बोटांवर चोळून उन्हांत पाहावें. पिवळी चकाकी दिसली तर गिअर जुळविणाऱ्या पितळी कड्या झिजत आहेत. पोलादाचे कण टोंचले तर दांते किंवा बेअरिंग. काळपट पण गुळगुळीत तेल असेल तर पेटी शाबूत आहे व दोष वरच्यावर आहे. आमच्या चार खातेदारांच्या गाडीचें तेल असेंच काळपट गुळगुळीत निघालें. ज्यासाठीं सारी पेटी बदलावयाची होती तिच्या पोटांत कांहींएक रोग नव्हता.

आतां उघडण्याविषयीं. पेटी उघडण्यापूर्वीं भोंवतालचा चिखल ओल्या फडक्यानें व मग रॉकेलच्या फडक्यानें पुसून काढावा. पावसाळ्यांत हें काम करणें टाळावेंच. करणें भाग पडलें तर छपराखालीं करावें. तांबड्या मातीचा चिमूटभर कण पेटींत पडला तर तो सहाणेचें काम करतो. दांडा न्यूट्रलमध्यें ठेवून झांकणाचे बोल्ट सोडावेत व झांकण सरळ वर उचलावें. कांहीं पेट्यांत सळया व फोर्क झांकणाबरोबरच वर येतात, कांहींत पेटींतच राहतात. वर येत असतील तर खालीं हात किंवा फडकें धरावें, कारण त्या पोलादी गोळ्या व स्प्रिंगा उडून गवतांत गेल्या म्हणजे दिवस शोधण्यांत जातो. उघड्या पेटीवर लगेच स्वच्छ फडकें टाकावें.

दांडा बाहेर काढून बोट पाहावें. नवें बोट दोहों अंगांनीं सपाट असतें. झिजलेलें गोलसर, चोखलेल्या आंब्याच्या कोयीसारखें होतें. आमच्या गाडींतील बोट असेंच झालें होतें, व म्हणूनच तें खांचेंतून निसटून दोन सळयांच्या मध्यें जाऊन अडकलें होतें. अशा बोटावर वेल्डिंगनें धातु चढवून तें कानशीनें पूर्ववत् घडवितां येतें. त्यांत दोन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, वेल्डिंगपूर्वीं स्प्रिंग व पीन काढून ठेवाव्या आणि गोळ्यास ओलें फडकें गुंडाळावें. नाहींतर उष्णतेनें स्प्रिंग मरते व गोळ्याचा कठीणपणा जातो. दुसरी, कानस घाईनें चालवूं नये. सळईच्या खांचेंत बोट हातानें बसवून पाहावें, जरासें घासावें, पुन्हा बसवावें. तें सैल नको व घट्टही नको. खांचेंत शिरतांना अडूं नये व शिरल्यावर लोळूं नये, इतपत ठेवावें. या कामास आम्हांस एक दुपार लागली. खांच स्वतःच फार झिजली असेल तर सळई किंवा तिचा तुकडा नवा घ्यावा. खांचेंत वेल्डिंग भरण्याचे प्रयोग आम्हीं पाहिले आहेत व ते आम्हांस पसंत नाहींत.

गोळ्याची बैठक झिजली असेल तर दोन मार्ग आहेत. थोडी झीज असल्यास स्प्रिंगखालीं योग्य जाडीचा वॉशर घालून दाब वाढवितां येतो. फार असल्यास लेथवाल्याकडून गनमेटलचें बुश करवून बसवावें. नंतरच्या गाड्यांत गोळ्यास नायलॉनची वाटी असते. ती वाटी बाजारांत सुटी मिळते व ती बदलतांच दांडा नव्यासारखा होतो. झिजलेल्या पीनेच्या जागीं खिळा ठोकण्याची चाल आहे. खिळा मऊ लोखंडाचा असतो; तो थोड्याच दिवसांत कापला जातो व त्याचा तुकडा पेटींत पडतो. पीन कठीण पोलादाचीच घ्यावी. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गोळ्याभोंवतीं घालण्याचा उपाय तर आमच्याकडे घरोघर आहे. त्यानें आठ दिवस बरें वाटतें; परंतु साधें रबर तेलानें फुगतें व मऊ होऊन त्याचा लगदा पेटींत उतरतो. रानांत अडलें असतां घरीं येईपर्यंत वेळ मारून न्यावयाची असेल तर चामड्याची चकती त्याहून बरी.

फोर्क सळईवर ज्या स्क्रूनें किंवा पीनेनें बांधलेला असतो तो झांकण उघडलेंच आहे तर पाहून ठेवावा. तो ढिला असल्यास दांडा कितीही सुंदर केला तरी गिअर पुरता पडत नाहीं. ज्या स्क्रूच्या डोक्यास भोंक असतें त्यांतून तार ओंवून ती आवळण्याच्या दिशेनें बांधलेली असते. ही तार फेंकून देऊन 'तिच्यावांचून चालतें' असें म्हणणारा फिटर भेटल्यास दुसरा शोधावा.

झांकण बसवितांना नवें पॅकिंग घ्यावें. पेटींतील गिअर व झांकणांतील फोर्क दोन्ही न्यूट्रलमध्यें आहेत हें डोळ्यांनीं पाहावें व फोर्काचीं टोंकें कड्यांच्या खोबणींत उतरलीं याची खात्री झाल्यावरच बोल्ट समोरासमोरचे घेत हळूहळू आवळावेत. आवळल्यावर इंजिन चालू करण्यापूर्वींच एकेक गिअर हातानें घालून, गाडी हातभर ढकलून पाहावी.

तेल घालतांना नव्वद नंबरचें गिअर तेल घालावें, हें सर्वांस माहीत आहे. परंतु डब्यावर जी. एल. चार कीं जी. एल. पांच असें जें लिहिलेलें असतें तें फार थोडे वाचतात. जी. एल. पांच हें चाकांमधील जड दांत्यांसाठीं आहे. त्यांतील कित्येक मसाले पितळेस बाधक असतात. ज्या पेटींत पितळी कड्या आहेत तींत जी. एल. चार घालावें. तेल बाजूच्या बुचाच्या कांठापर्यंत भरावें, अधिक नको. या गाड्यांत गिअरपेटी व तिच्यामागील दुसरी पेटी एकमेकींस चिकटलेल्या असतात आणि मधलें सील गेलें असतां एकीचें तेल दुसरींत जातें. तेव्हां एकींत तेल कमी व दुसरींत बुचाबाहेर वाहण्याइतकें जास्त दिसलें, तर तेल वाढलें म्हणून संतोष न मानतां सील बदलावें. दुसऱ्या पेटींतील तेल असें वाढलें कीं तें मागच्या सीलांतून हातब्रेकवर येतें. त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

दांडा पुन्हा ढिला होण्याचीं कारणें बहुधा चालविण्यांत असतात. पहिल्या गिअरास या जुन्या तीन गिअरांच्या पेटींत जुळवणीची कडी नसते. गाडी पुरती थांबल्यावांचून तो घालूं गेल्यास दांते किरकिरतात व चालक सारें अंग दांड्यावर टाकतो. चालत्या गाडींत खालचा गिअर घालणें असल्यास क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनास थोडा जोर, पुन्हा क्लच दाबून गिअर, अशी जी दोन क्लचांची जुनी रीत आहे तीच बरी. क्लच पुरता सुटत नसेल तर आधीं तो जुळवावा. क्लचचा दोष दांड्यावर काढण्यांत अर्थ नाहीं. दुसरी खोड म्हणजे हात सदोदित मुठीवर टेकून ठेवणें. त्या वजनानें फोर्क फिरत्या कडीवर अहोरात्र घासत राहतो. तिसरें कारण आमच्या मुलखाचें खास आहे. वडापच्या गाडींत पुढें चालकाशेजारीं तिघे बसवितात व त्यांतील एकाच्या दोन्ही गुडघ्यांमध्यें दांडा येतो. गाडी वळली कीं तो मनुष्य दांड्याच्याच आधारानें सांवरतो. बाजाराच्या दिवशीं माणसाच्या जागीं तांदळाचें पोतें असतें, एवढाच फेर. पोटासाठीं गाडी हांकणाऱ्यास एक भाडें कमी घे असें सांगणें आम्हांस जड जातें. तथापि पुढच्या बाजूस दोघांपेक्षां अधिक बसवूं नयेत, निदान उतारावर तरी नयेत.

चार चाकांच्या दुसऱ्या पेटीचे जे दोन आंखूड दांडे असतात त्यांविषयीं थोडेंच सांगणें आहे. एक पुढच्या चाकांस जोर देतो, दुसरा जड व हलका असा भेद करतो. आणि पुढचीं चाकें जोडल्यावांचून जड गिअर पडूं नये अशी आंत योजना असते. म्हणून जड गिअर पडत नाहीं असें वाटल्यास दांड्यावर पाय देण्यापूर्वीं पहिला दांडा पुरता गेला आहे कीं नाहीं तें पाहावें. चिखलांतून डांबरी रस्त्यावर आल्यावर पुढचीं चाकें तशींच जोडलेलीं राहिलीं, तर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन दांडा जाम बसतो. मग लोक हातोड्यानें तो ठोकतात व वांकवितात. तसें न करतां गाडी चार-सहा हात मागें घ्यावी. आंतील ताण मोकळा होतो व दांडा दोन बोटांनीं निघतो. हे दोन्ही दांडे एकाच आडव्या दांडीवर डुलतात. ती दांडी झिजली किंवा दोहोंमधील स्प्रिंग पडली म्हणजे चालतांना जो खडखडाट होतो तो पुष्कळांस गिअरपेटीचाच वाटतो. एखाद्यास एका दांड्यावर हात ठेवून बसवावें. हात ठेवतांच आवाज थांबला तर चोर तेथेंच सांपडला असें समजावें.

त्या चार खातेदारांच्या गाडीस बोटाचें वेल्डिंग, एक पोलादी पीन, एक स्प्रिंग, दोन ऑइल-सीलें, पॅकिंग व तेल एवढें लागलें. हातब्रेकचे पट्टे तेलानें निकामी झाले होते, तेही बदलले. धुऊन वाळवून पुन्हा घालण्याचा मोह एका भावास झाला होता, पण तेल प्यालेला पट्टा धुतल्यानें सुधारत नाहीं. पहिले पंधरा दिवस गाडी वापरल्यावर झांकणाचे बोल्ट पुन्हा एकदां आवळून घेतले व बुचाशीं तेल पाहिलें. आतां दर वर्षीं वैशाखांत, राब भाजून झाला कीं, ते एक दिवस या गाडीसाठीं ठेवितात, व त्या दिवशीं आम्हांसही बोलावणें असतें.